घाव आणि रेटा : टकरीतून चंद्र, टकरीतून पर्वत

हिमालयाविषयी शालेय भूगोलात एक वाक्य हमखास सापडते : भारताचा भूपट्ट आशियाच्या भूपट्टाला धडकला आणि हिमालय उभा राहिला. चंद्राविषयी लिहिताना खगोलशास्त्राची पुस्तकेही तेच क्रियापद वापरतात : मंगळाएवढा एक गोल पृथ्वीला धडकला आणि चंद्र जन्माला आला. ही दोन वाक्ये शेजारी-शेजारी ठेवली की चौकस विद्यार्थ्याला प्रश्न पडतोच. एका धडकेतून चंद्र आणि दुसऱ्या धडकेतून पर्वत, हे कसे? विद्यार्थी जळगाव-धुळ्याकडचा असेल तर त्याचा पुढचा प्रश्नही ठरलेला : "मग आमचा सातपुडा कोणाच्या टकरीतून झाला?"

या प्रश्नांचे उत्तर 'टक्कर' या शब्दातच दडलेले आहे. दोन एडक्यांची टक्कर आपण पाहिलेली असते. ते मागे सरतात, धावत येतात आणि डोक्यावर डोके आदळते. आवाज होतो आणि क्षणात सारे संपते. दोन रेड्यांची झुंज मात्र वेगळी असते. शिंगांत शिंगे अडकली की दोघे एकमेकांना रेटत राहतात. वेग जवळजवळ नाही, पण पायाखालची माती मात्र उकरून वर येते. पहिल्या प्रकाराला आपण 'घाव' म्हणू आणि दुसऱ्याला 'रेटा'. चंद्र घावातून झाला, हिमालय रेट्यातून. हे दोन प्रकार वेगळे ओळखायला खानदेश ही फार चांगली जागा आहे, कारण घावाचा पुरावा येथे आकाशातून येऊन पडला आहे आणि रेट्याचा परिणाम येथील जमिनीखाली आजही चालू आहे.

मानेगावचा दगड

२९ जून १८४३ रोजी तेव्हाच्या खानदेशात, एदलाबादजवळच्या मानेगाव येथे आकाशातून दगड पडला. एदलाबाद म्हणजे आजचे जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर. जगभरच्या अशनींच्या यादीत हा अशनी 'मानेगाव' याच नावाने नोंदलेला आहे. त्याचा फार थोडा भाग आज जपून राहिला आहे, पण त्याचे मोल वजनावर ठरत नाही. हा अशनी 'डायोजेनाइट' या दुर्मीळ जातीचा आहे. तो जवळजवळ संपूर्णपणे पायरॉक्सीन या खनिजाच्या स्फटिकांचा बनलेला असतो. असे ठसठशीत स्फटिक तयार होण्यासाठी शिलारस जमिनीखाली खोलवर, सावकाश थंड व्हावा लागतो. याचा अर्थ, हा दगड कुठल्या तरी मोठ्या गोलाच्या पोटात तयार झाला होता.

तो गोल कोणता? मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या लघुग्रहांपैकी वेस्टा हा एक मोठा लघुग्रह असून त्याचा व्यास सुमारे ५२५ किलोमीटर आहे. १९७० मध्ये वेस्टावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट तपासला गेला. डायोजेनाइट ज्या अशनी-कुळात मोडतो, त्या कुळातील दगडांच्या वर्णपटाशी तो जुळला. नासाच्या 'डॉन' यानाने जुलै २०११ ते सप्टेंबर २०१२ या काळात वेस्टाभोवती फिरून तो जवळून पाहिला आणि हे नाते पक्के झाले. वेस्टाच्या दक्षिण ध्रुवाशी सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचे 'रियासिल्विया' नावाचे विवर आहे. म्हणजे विवराची रुंदी जवळजवळ वेस्टाच्या व्यासाएवढी! सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी एक मोठा गोल तेथे आदळला, वेस्टाचे कवच फुटले आणि खोलवरचे खडक अवकाशात भिरकावले गेले. या तुकड्यांच्या पुढे आपसांत टकरी होत राहिल्या, त्यांचेही तुकडे झाले, आणि त्यांतला एखादा भरकटत पृथ्वीच्या वाटेत आला. मानेगावचा दगड असाच आला असावा.

धुळे भागातही २७ नोव्हेंबर १८७७ रोजी एक अशनी पडला. त्याचे नाव 'भागूर'. तो 'एल' या गटातला साधा अशनी आहे. या गटातील अनेक अशनींवर सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या एका प्रचंड टकरीच्या खुणा आढळतात. खानदेशात पडलेले हे दोन्ही दगड दोन वेगवेगळ्या गोलांचे तुकडे आहेत. सूर्यमालेत टकरी ही अपवादाची गोष्ट नाही, एवढे तरी त्यांवरून ध्यानात यावे.

घावाचे गणित

अवकाशातील टकरीत एवढी ताकद कोठून येते? गतिज ऊर्जेचे सूत्र आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते : वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग. सेकंदाला १० किलोमीटर वेगाने येणारा एक किलो दगड घेऊ. त्याची ऊर्जा होते ५ कोटी ज्यूल. एक किलो टीएनटी या स्फोटकातून सुमारे ४२ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. म्हणजे हा साधा दगड आपल्याच वजनाच्या स्फोटकाच्या जवळजवळ बारापट ऊर्जा घेऊन येतो. एक किलो बेसाल्ट वितळवायला २० लाख ज्यूलच्या आतबाहेर ऊर्जा पुरते. तेव्हा अशा आघातात खडक फुटतो, वितळतो आणि काही अंशी त्याची वाफही होते, यात नवल नाही.

खानदेशाला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर हा याचा घरचा दाखला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर एका अशनीने थेट बेसाल्टमध्ये पाडले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार त्याचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आहे. ज्वालामुखीने हे विवर केले असावे, असे पूर्वी काहींना वाटे. परंतु तेथील खडकात प्रचंड आघाताच्या दाबानेच तयार होणारी काच सापडली आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर तो वाद मिटला.

घाव मोठा असेल तर नुसता खड्डा पडून भागत नाही. पाण्यात थेंब पडला की आधी खळगा होतो आणि मग मध्यभागी पाण्याचा एक खांब वर उसळतो. मोठ्या आघातात खडकही क्षणभर तसाच वागतो. रियासिल्वियाच्या मध्यभागी २० किलोमीटरहून अधिक उंचीचा पर्वत याच उसळीने उभा राहिला आहे. एव्हरेस्टच्या दुपटीहून उंच! मात्र हा पर्वत एकटा आहे. घावाने पर्वतरांग होतच नाही असे नाही, पण ती वर्तुळाची कड असते. चंद्रावरील 'ॲपेनाइन' ही सुमारे ६०० किलोमीटर लांबीची रांग म्हणजे 'मारे इम्ब्रियम' या प्रचंड आघातविवराच्या काठाचा एक कमानदार तुकडा. अष्टमीच्या आसपास लहान दुर्बिणीतूनही ती विद्यार्थ्यांना दाखवता येते.

तुकडे निसटले, तुकडे अडकले

वेस्टावर एवढा मोठा घाव बसला, तरी त्या तुकड्यांतून वेस्टाला चंद्र मिळाला नाही. पृथ्वीला मात्र मिळाला. का? याचे एक मोठे कारण म्हणजे गुरुत्वाकर्षण. वेस्टाच्या तावडीतून सुटायला सेकंदाला साधारण ३६० मीटर वेग पुरतो. पृथ्वीवरून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. वेस्टाचे तुकडे निसटले, म्हणून त्यांतला एक मानेगावपर्यंत येऊ शकला. पृथ्वीचे बरेचसे तुकडे निसटू शकले नाहीत. काही परत पृथ्वीवर कोसळले, आणि ज्यांना पुरेसा आडवा वेग मिळाला होता ते पृथ्वीभोवती फिरत राहिले.

ही घटना सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वीची. पृथ्वी तेव्हा नुकतीच आकार घेत होती. साधारण मंगळाएवढा एक गोल (शास्त्रज्ञांनी त्याला 'थिया' हे नाव दिले आहे) सेकंदाला ९-१० किलोमीटर वेगाने, थोडा तिरपा येऊन आदळला. दोन्ही गोलांचे बाहेरचे थर वितळले. थियाचा लोखंडी गाभा पृथ्वीच्या गाभ्यात मिसळला आणि वरच्या खडकाचा मलबा अवकाशात फेकला जाऊन त्यातून चंद्र गोळा झाला. १९७५ मध्ये हार्टमन व डेव्हिस यांनी आणि १९७६ मध्ये कॅमेरॉन व वॉर्ड यांनी ही कल्पना मांडली.

पुरावा काय? पृथ्वीची सरासरी घनता ५.५१ आहे, तर चंद्राची ३.३४. पृथ्वीच्या गाभ्यातले लोखंड वगळून वरच्या खडकांचीच घनता पाहिली तर ती चंद्राच्या जवळ जाते. चंद्राचा गाभा फारच लहान आहे. १९६९ ते १९७२ या काळात अपोलो मोहिमांनी आणलेल्या ३८२ किलो दगड-मातीत सहज उडून जाणारी द्रव्ये कमी आढळली, जणू काही ती भट्टीत तापवून काढली आहेत. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण मात्र पृथ्वीच्या खडकांशी हुबेहूब जुळले. ही शेवटची गोष्ट या सिद्धान्ताला बळ देते आणि अडचणीतही टाकते. परका थिया चंद्रात असेल तर त्याचा वेगळेपणा दिसत का नाही? थिया पृथ्वीच्याच शेजारी, तशाच द्रव्यातून बनला होता की टकरीत सारे द्रव्य ढवळून एकजीव झाले, यावर अजून अभ्यास चालू आहे. मलब्यातून चंद्र जमायला किती वेळ लागला, हेही नक्की ठरलेले नाही. काही संगणकीय प्रतिमाने महिने ते वर्षे असा काळ देतात, तर २०२२ मधील एका प्रतिमानात काही तासांतच चंद्र कक्षेत गेलेला दिसतो.

रेट्याचे गणित

आता हिमालयाकडे वळू. तोच हिशेब भारतीय भूपट्टाला लावून पाहू. या भूपट्टाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी २० लाख चौरस किलोमीटर आहे. जाडी १०० किलोमीटर आणि घनता पाण्याच्या ३.३ पट धरली तर त्याचे वस्तुमान ४ वर २१ शून्ये इतके किलो भरते. त्याचा वेग आहे वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर. म्हणजे आपली नखे वाढतात त्याहून थोडा अधिक. सूत्रात हे आकडे घातले की गतिज ऊर्जा येते अवघी ५ हजार ज्यूलच्या आसपास. स्वार धरून २०० किलोची मोटारसायकल ताशी २५ किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची ऊर्जा एवढीच असते! हा हिशेब वर्गात फळ्यावर अवश्य करून घ्यावा. उत्तर पाहून विद्यार्थी शून्ये पुन्हा मोजतील, आणि मोजू द्यावीत.

मोटारसायकलीएवढ्या ऊर्जेतून २४०० किलोमीटर लांबीची पर्वतरांग उभी राहणार नाही हे उघड आहे. तेव्हा 'भारत धडकला' हे म्हणणे सोयीचे असले तरी हिमालय धडकेच्या ऊर्जेतून झालेला नाही. ट्रकचे चाक बदलताना क्लीनर जॅक लावतो. जॅकला वेग नसतो, पण दांडा फिरत राहिला की भरलेला ट्रक वर उचलला जातो. भूपट्टाचेही तसेच आहे. त्यामागचा जोर सतत चालू असतो. सागरतळाचे जुने, थंड व जड झालेले कवच प्रावरणात बुडते आणि मागच्या भूपट्टाला ओढते. दुसरीकडे समुद्रातल्या उंच कण्यांवरून नवे कवच उतारावर सरकते आणि पुढच्याला ढकलते. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाला भिडला. तोवर त्याचा वेग आजच्या तिपटीहून अधिक होता, तो मंदावला. पण रेटा थांबला नाही. मधल्या टेथिस समुद्राच्या तळावरचा गाळ चुरगळला, त्याला घड्या पडल्या, थरावर थर चढले. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे तो यामुळेच. यालाच आपण वली पर्वत म्हणतो.

मग सातपुडा?

आता खानदेशी विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. सातपुडा पाहताना पहिला प्रश्न हा विचारावा : थरांना घड्या पडल्या आहेत का? सातपुड्यात किंवा दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरात लाव्हाचे थर बहुतेक ठिकाणी आडवे, फार तर थोडे कललेले दिसतात. हे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे ते आशियाची गाठ पडण्याच्या दीड कोटीहून अधिक वर्षे आधीचे. त्या वेळी ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

दुसरा पुरावा धुळे-नंदुरबारकडे आहे. या भागात काळ्या दगडाच्या नैसर्गिक भिंती मैलोन्‌मैल गेलेल्या दिसतात. भूवैज्ञानिक त्यांना 'डाइक' म्हणतात. जमिनीला पडलेल्या उभ्या भेगांत शिलारस शिरला, तेथेच थिजला, आणि भोवतालचा मऊ खडक झिजल्यावर भिंत उघडी पडली. या टापूतल्या दोनशेहून अधिक डाइकचा अभ्यास झाला असून त्यांची दिशा मुख्यतः पूर्व-पश्चिम आहे. भेग नेहमी ताणाला आडवी पडते. तेव्हा पूर्व-पश्चिम भेगांचा अर्थ असा, की त्या काळी खानदेशचे भूकवच उत्तर-दक्षिण ताणले जात होते. रेटा नव्हे, ताण! हिमालयाच्या अगदी उलट.

ताणलेले कवच जुन्या प्रस्तरभंगांवर तुटले. काही पट्टे खचले, मधला उंच राहिला. उत्तरेला नर्मदेची खचदरी, दक्षिणेला तापीची आणि मध्ये सातपुडा. म्हणूनच तो गट पर्वत. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जात असताना तापी पश्चिमेला का वाहते, याचेही उत्तर येथेच मिळते. खचलेल्या भागात सातपुड्यातून येणाऱ्या नद्यांनी गाळ आणून भरला. रावेर-यावलची केळी आज त्याच गाळावर उभी आहेत. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवाचे गरम पाण्याचे झरे आहेत. ते सातपुड्याच्या पायथ्याशी, याच प्रस्तरभंगांच्या पट्ट्यात येतात.

येथे एक पुस्ती जोडायला हवी. लाव्हाच्या पूर्वेला, नागपूर-भंडारा भागात सातपुड्याच्या पट्ट्यातले फार जुने खडक उघडे आहेत. मॅंगनीजच्या खाणी आहेत त्याच खडकांत. त्यांना भरपूर घड्या पडलेल्या आहेत. १०० कोटी किंवा त्याहून अधिक वर्षांपूर्वी भारताचेच उत्तर व दक्षिण भूखंड एकमेकांना भिडले, त्या रेट्याची ही खूण आहे. ते पर्वत केव्हाच झिजून गेले, पण तो सांधा कच्चा राहिला. पुढे ताण आला तेव्हा कवच बरोबर त्या सांध्यावर फाटले.

रेटा अजून थांबलेला नाही

हिमालय उत्तरेला हजार किलोमीटर दूर असला तरी त्याचा रेटा सगळ्या भूपट्टातून पसरतो. खानदेशच्या ज्या जुन्या प्रस्तरभंगांना एके काळी ताण होता, त्यांवर आता दाब आहे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात ६ हून अधिक प्रतीचा भूकंप झाला. २२ मे १९९७ रोजी नर्मदेच्या पट्ट्यात जबलपूरला ५.८ प्रतीचा भूकंप झाला. त्या वेळी प्रस्तरभंगाची एक बाजू दुसरीवर चढली होती, आणि हे दाबाचे लक्षण आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला जे घडले, त्यामागेही हाच दूरचा रेटा होता. २००२ च्या भारतीय मानकातील नकाशात धुळे आणि जळगाव जिल्हे भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात दाखवले होते.

किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड छत कोसळून हजारो माणसे गेली. खानदेशातली धाब्याची घरे उन्हाळ्यात गार राहतात, पण छताचे वजन तेथेही तसेच असते. छतावर दर वर्षी मातीचा नवा थर चढवण्याऐवजी जुना काढून मग नवा घालणे, लाकडी खांब-तुळयांचे सांधे घट्ट ठेवणे, जाड भिंतीचे दोन पदर एकमेकांशी आरपार दगडांनी बांधणे, या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. 'हिमालय कसा झाला' हा धडा शिकवताना त्याचे शेवटचे पान आपल्या घराच्या छतापर्यंत येते, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

वर्गात करून पाहण्याजोगे

पहिला प्रयोग घावाचा. परातीत चाळलेल्या राखेचा जाड थर द्यावा, वर रांगोळीची पातळ चादर पसरावी आणि वेगवेगळ्या उंचीवरून गोटी टाकावी. खालची राख बाहेर उडून रांगोळीवर पडते. मानेगावचा दगड वेस्टाच्या पोटातून बाहेर कसा आला, ते यावरून समजते. दुसरा प्रयोग रेट्याचा. ओल्या चिकणमातीचे दोन रंगांचे थर फळीवर पसरून एका बाजूने पट्टीने अगदी सावकाश ढकलावे. थरांना घड्या पडतात. तिसरा ताणाचा. तीच माती अर्धवट वाळू द्यावी आणि दोन्ही बाजूंनी ओढावी. भेगा ओढीला आडव्या पडतात. त्यांत गेरूचे पाणी सोडले की धुळ्याचे डाइक तयार!

प्रयोगांत घाव, रेटा आणि ताण वेगवेगळे दिसतात, पण पृथ्वीच्या इतिहासात ते एकमेकांशी जोडलेले आहेत. भूपट्टांना हलवणारी शक्ती पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेतून येते. आज पृथ्वीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेपैकी साधारण निम्मी युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सारातून येते. उरलेली पृथ्वी बनतानाची शिल्लक आहे, आणि त्या शिलकीत थियासारख्या घावांचा मोठा वाटा आहे. त्या टकरीतून जन्मलेला चंद्र आजही वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे, आणि त्याच टकरीची उरलेली ऊब भारताला वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेला रेटायला हातभार लावीत आहे.